शेवटचं वर्ष खेळणाऱ्या मुलींना शाळेनं काय द्यावं?

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं आठवली. तुमच्या शाळेच्या खो-खो संघातल्या पाच मुली यंदा बारावी होऊन बाहेर पडतायत. एकोणीस वर्षांखालच्या गटात संघ विभागापर्यंत गेला आणि तिथं अंतिम सामन्यात हरला. संस्थेनं सत्कारासाठी पाच हजार रुपये मंजूर केलेत. तुम्ही विचारलंय की मुलींना भेट काय द्यावी, या पाच जणी गेल्यावर जुलैत संघ कसा उभा करावा, आणि शाळा सुटली की आमच्या मुलींचा खेळही का सुटतो.

तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण सगळं तिथंच अडलेलं आहे. मी ३१ वर्षं हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजच्या मुलींना खो-खो शिकवला. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: मुलीला शाळेतून निरोप देताना ती पुढं कुठल्या मैदानावर जाणार, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. नुसतं ठाऊक नाही, आपण तिला तिथवर पोचवलं पाहिजे.

हे मी उशिरा शिकलो. एका वर्षी माझ्या सात मुली एकदम बारावी झाल्या. राज्य स्पर्धा खेळलेला संघ होता. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, पाहुणे, भाषणं, सगळं थाटात झालं. दीड वर्षानं त्यातली एक मुलगी शाळेत आली. तिला खेळाडूंच्या जागेतून पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. आडनावातलं एक अक्षर चुकलेलं आणि जन्मतारखेतला महिना वेगळा. ते प्रमाणपत्र स्पर्धेच्या ठिकाणी माझ्याच हातात आलं होतं आणि मी ते न वाचता तिला दिलं होतं. दुरुस्तीसाठी धावपळ केली, पण जुनी कागदपत्रं हाती लागेपर्यंत मुदत संपली. ती काही बोलली नाही. प्रमाणपत्र परत पिशवीत घालून गेली. मग मी बाकीच्या सहा जणींची चौकशी केली. एकही जण खेळत नव्हती. सहा-सात वर्षं रोज दोन तास ज्यांनी मैदान सोडलं नाही, त्यांच्या पायांतले बूट दीड वर्षात गेले होते.

म्हणून आधी कागद. पाचही मुलींना पुढच्या आठवड्यात सगळी प्रमाणपत्रं घेऊन बोलवा. दाखला, आधार कार्ड आणि प्रमाणपत्रं शेजारी शेजारी ठेवा आणि मुलीलाच एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, स्पर्धेचा गट, वर्ष, क्रमांक. चूक सापडली तर ती आत्ताच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात नेऊन दुरुस्त करून घ्या. या वर्षीची प्रवेशिका आणि निकालपत्र अजून त्यांच्या हाताशी असतं. तीन वर्षांनी तेच कागद कुठल्या कपाटात असतील ते सांगता येत नाही. प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू देऊ नका. पालक हौसेनं करतात, पण पुढं पडताळणीला मूळ कागद मागतात, आणि त्यावरचे सही-शिक्के तपासताना लॅमिनेशनची अडचण होते. साध्या फोल्डरमध्ये ठेवा, रंगीत झेरॉक्स काढा, मोबाइलवर स्कॅन करून मुलीच्या आणि पालकांच्या अशा दोन्ही फोनवर पाठवा.

दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, कामगिरीच्या पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो, प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं आणि तिथून बोर्डाकडं जातो. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत हे गुण बुडतात आणि कारण एकच असतं: मुदत उलटली. हे काम लिपिकावर सोपवून निर्धास्त होऊ नका. पोच मिळेपर्यंत पाठीमागं लागा.

सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के समांतर आरक्षणही मुलींना नीट समजावून सांगा. २००५ च्या शासन निर्णयानं ते आलं आणि २०१६ मध्ये त्याचे नियम नव्यानं ठरले. कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या पातळीचं यश लागतं ते त्यात दिलेलं आहे, आणि विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. विभागीय उपविजेतेपदावर नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगा. मुलींना खोट्या आशेवर ठेवू नका. पण त्याच वेळी हेही सांगा की दार बंद झालेलं नाही, कारण राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळायचं वय त्यांच्यापुढं आहे. त्यासाठी खेळत राहायला हवं.

आता खेळ का सुटतो ते बघू. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. संघटनेच्या स्पर्धांत किशोरी गट १४ वर्षांखालचा आणि मुलींचा गट १८ वर्षांखालचा. अठरा पूर्ण झाली की मुलगी थेट महिला गटात. मधे पायरीच नाही. काल ज्या मुलीनं शेजारच्या तालुक्यातल्या अकरावीच्या मुलींना हूल देऊन दमवलं, तिच्यासमोर उद्या रेल्वेच्या, विमानतळ प्राधिकरणाच्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या खेळाडू येतात. त्यांचा सूर (अंग झोकून देऊन गडी बाद करणं) लांब, एकेरी साखळी (बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं) मोडायची त्यांची नजर तयार, त्यात मैदान मातीऐवजी मॅटचं. आपल्या मुलीनं शाळेच्या तांबड्या मातीत तीन मिनिटं संरक्षण केलेलं, म्हणजे बाद न होता पळलेलं असतं. मॅटवर पहिल्यांदा उतरल्यावर पाय कधी अडकतो, कधी सटकतो, आणि पाऊण मिनिटात ती बाद होते. असं दोन वेळा झालं की मुलगी म्हणते, ‘सर, आता बास.’ तिला वाटतं आपल्यात दम नव्हता. खरं तर तिला मॅटची आणि वरच्या वेगाची सवयच कुणी लावलेली नसते.

ही सवय मंडळात, म्हणजे खो-खोच्या क्लबात लागते. महाराष्ट्रात खो-खो जगवला तो मंडळांनी आणि संघांनी. या खेळाच्या नियमांना आकार मिळाला तो १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर, आणि तेव्हापासून सांगली, सातारा, सोलापूर, धाराशिव, ठाणे, मुंबई, नाशिक सगळीकडं संध्याकाळी साडेपाचला एखाद्या मंडळाच्या मैदानावर खांब उभे असतात. तुमच्या जिल्ह्यात असं मैदान नक्की आहे. जिल्हा संघटनेच्या सचिवांना विचारा. मुलगी तिथं आपणहून जाईल असं समजू नका. अनोळखी मैदान, अनोळखी पोरं, घरून परवानगीचा प्रश्न. तुम्ही स्वतः घेऊन जा. सराव बघा, तिथल्या प्रशिक्षकांशी बोला, महिला प्रशिक्षक आहेत का, कपडे बदलायला खोली आहे का, परतायला शेवटची एसटी किती वाजता हे सगळं मुलीच्या आईसमोर विचारा. मी एकदा एका मुलीच्या आईला घेऊनच मंडळात गेलो. त्या माउलीनं दोन तास कठड्यावर बसून सगळा सराव पाहिला, तिथल्या बाईंचा फोन नंबर घेतला, आणि त्यानंतर ती मुलगी सहा वर्षं खेळली.

आईवडिलांशी बोलणं हा या कामाचा सगळ्यात नाजूक भाग आहे. बारावी झाली की घरात दुसरे विषय सुरू होतात, स्थळं यायला लागतात. आपण जाऊन ‘मुलीला खेळू द्या’ एवढंच म्हटलं तर वडील हो म्हणतात आणि नंतर काही होत नाही. हातात ठोस काहीतरी घेऊन जावं लागतं. पोलीस भरतीचं उदाहरण सांगा. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. खो-खोच्या मुलीला धावण्याची वेगळी तयारी फारशी करावी लागत नाही, गोळ्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम सांगा, पदवीनंतर बी.पी.एड. करता येतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या जुन्या संस्थेत शिकलेले क्रीडाशिक्षक राज्यभर आहेत, कदाचित तुमच्याच तालुक्यात एखादा असेल, त्याला सोबत न्या. आणि सारिका काळेबद्दल सांगा. धाराशिव जिल्ह्यातली, घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेली मुलगी. तिच्या नेतृत्वाखाली भारतानं २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती क्रीडा अधिकारी झाली. आमच्या भागातल्या वडीलमाणसांना दिल्लीतला विश्वचषक दूरचा वाटतो, पण शेजारच्या जिल्ह्यातली अधिकारी झालेली पोर त्यांना लगेच कळते.

मुलींना मात्र विश्वचषकाचंच सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकरही आपलाच. मुलींना ते सामने मोबाइलवर दाखवा आणि मधे मधे थांबवून विचारा: ती इथं का वळली? तू असतीस तर काय केलं असतंस? माझा अनुभव आहे, अशा प्रश्नावर गप्प बसणारी मुलगीसुद्धा बोलायला लागते.

कॉलेजची निवडही याच वेळी करा. पदवीला गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ आणि राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव. पंचविशीपर्यंत हा रस्ता खुला असतो आणि शाळा ते महिला गट यांच्यात जी पायरी नाही म्हणालो, ती खरं तर इथं मिळते. पण ज्या कॉलेजात खो-खोचा संघच नाही तिथं मुलगी गेली तर ती पायरीही गेली. चौकशी करताना क्रीडा संचालक कोण आहेत, मागच्या वर्षी मुलींचा संघ उतरवला होता का, एवढं विचारलं तरी चित्र कळतं. फलकावरच्या जुन्या ढालींवर जाऊ नका.

तुमच्या दहावीच्या मुलींकडंही आत्ताच बघा, कारण मोठी गळती तिथंच आहे. तुमच्याकडं अकरावी-बारावी आहे हे भाग्य. तरी २०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाल्यानं पूर्वीसारखं मुख्याध्यापकांशी बोलून अख्खा संघ एका ठिकाणी ठेवता येत नाही. फॉर्म भरताना मुली ज्याच्या त्याच्या सल्ल्यानं पसंतीक्रम टाकतात आणि संघ चार गावांत विखुरतो. मुलींना आणि पालकांना मे महिन्यात एकत्र बसवा आणि ज्यांना खेळायचंय त्यांचे पसंतीक्रम समोर बसून भरा. खेळाडूंसाठीच्या विशेष जागांचा विचारही तेव्हाच करा, त्यालाही प्रमाणपत्रं लागतातच.

जी मुलगी आज मागं आहे तिलाही मोजा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथं धावपटू म्हणून घडला. पुढं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं रौप्य जिंकलं. तुमच्या पाचांतली जी राखीव खेळाडू म्हणून बसायची, तिला कमी वेळ देऊ नका.

राहिला पुढचा संघ. इथं तुम्हाला नवीन काही आणायची गरज नाही, त्या पाच जणींच्या अंगात सगळं आहे. ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. मी शेवटची स्पर्धा संपली की तीन आठवडे जाणाऱ्या मुलींकडं सराव सोपवायचो. प्रत्येकीला सातवी-आठवीची एकच मुलगी आणि शिकवायला एकच गोष्ट. खांबावरचा सूर, दुहेरी साखळीतली वळणं, पाटीवर (आक्रमकानं बसायच्या जागेवर) बसणं, खो देणं.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. माझी कर्णधार पाटीजवळ गुडघ्यावर बसली होती आणि सातवीतल्या एका बारक्या मुलीचे पाय हातानं हलवून जागेवर ठेवत होती. ‘टाच उचल. बोटांवर बस. हात मातीला टेकव, पण वजन हातावर नको.’ मुलगी उठायची घाई करायची, खो मिळायच्या आधीच. कर्णधारानं तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, ‘डोळे मीट. आता माझा हात लागेल आणि आवाज येईल. दोन्ही झाल्यावरच.’ मग ती मागं जाऊन उभी राहिली. बराच वेळ काही केलं नाही. मुलगी डोळे मिटून बसून होती, कान टवकारलेले. मग खो, आणि ती अशी सुटली की समोरच्या खांबापाशीच थांबली. मी चार महिने शिट्टी वाजवून जे सांगत होतो ते तिनं दहा मिनिटांत करून घेतलं. ती बारकी मुलगी पुढं आमच्या संघाची भरवशाची आक्रमक झाली आणि जाताना तिनंही दुसरीला तसंच डोळे मिटायला लावून शिकवलं.

एक सावधगिरी: जाणाऱ्या पाच जणींच्या जागी लगेच पाच नावं ठरवून मोकळ्या होऊ नका. अकरावीच्या मुलींना वाटतं आता आपण मोठ्या, आणि दहावीच्या मुलीकडून खो घ्यायला त्या कुरकुरतात. संरक्षणाच्या तुकड्या जूनपर्यंत बदलत्या ठेवा. कर्णधार निवडताना चांगली धावणारीपेक्षा धाकट्यांचं नाव घेऊन बोलणारी निवडा. मी धावणाऱ्या मुलीला कर्णधार केलं आणि संघ गप्प झाला, असं दोन वर्षं अनुभवलंय.

परीक्षेच्या काळात पाच जणींचा सराव पूर्ण बंद करू नका. अडीच महिने नुसतं बसून काढल्यावर एप्रिलमध्ये एकदम सूर मारायला गेल्या की घोटा नाहीतर गुडघा जातो. दिवसाला वीस मिनिटं पुरतात: दोरीउड्या, बैठका, थोडं पळणं, ताण देण्याचे व्यायाम. गुडघ्याचं जुनं दुखणं असलेली कुणी असेल तर तिला सुट्टीत ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, मालिश आणि पट्टी यांवर वेळ काढू नका. ग्रामीण रुग्णालयात पाचही जणींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. दम लागतो म्हणून खेळ सोडलेल्या कितीतरी मुलींच्या अंगात फक्त रक्त कमी असतं.

आता तुमचे पाच हजार. ट्रॉफ्या घेऊ नका. पाच फोल्डर, सगळ्या प्रमाणपत्रांच्या दोन-दोन रंगीत प्रती आणि एक पेनड्राइव्ह. प्रत्येक फोल्डरमध्ये तुमच्या हातानं लिहिलेलं एक पान: ही मुलगी कुठल्या स्पर्धा खेळली, संरक्षणात सर्वांत चांगला वेळ किती नोंदवला, तिचं बलस्थान काय, काय सुधारायचं बाकी आहे. पुढच्या प्रशिक्षकाला ते पान सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, आणि मुली ते जपून ठेवतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं ते आता स्वतःच्या मुलीला दाखवलं. उरलेल्या पैशांत पाच जणी आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या आया यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मॅटवर एक संध्याकाळ खेळायला न्या. येण्याजाण्याचं तिकीट आणि नाश्ता त्यात बसेल. संस्थेला शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर देऊ द्या, त्यावरून वाद घालू नका.

सत्कार सभागृहात न ठेवता मैदानावर ठेवा, चार वाजता, जाणाऱ्या मुली विरुद्ध राहणाऱ्या मुली असा एक डाव खेळून झाल्यावर. धाकट्या मुलींना तो सामना वर्षभर पुरतो. आणि तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली धरा. प्रिलिम सुरू झाली की मुली हाताला लागत नाहीत, आणि मॅटच्या मैदानाची वेळही आधी मागून ठेवावी लागते.